गुणवत्तेचं कुलूप

मुलाखतीच्या खोलीत आपला पोरगा जातो. पहिला प्रश्न, नाव काय? तो सांगतो. मग, पूर्ण नाव? तेही सांगतो. आडनावावरून अंदाज लागला नाही की मग गाव कुठलं, वडील काय करतात. गुणपत्रिका टेबलावर तशीच पडलेली असते, तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. आणि बाहेर आल्यावर ऐकवलं जातं, तुमच्यात गुणवत्ता कुठाय?

ही खोड फक्त आपल्याकडचीच असं आपण समजतो. तसं नाही. अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत नावाजलेल्या हार्वर्ड विद्यापीठाने १९२२ साली हा प्रश्न प्रवेशअर्जावर चक्क छापून घेतला होता. तुमचा वंश आणि वर्ण कोणता? धर्म कोणता? आईचं माहेरचं आडनाव काय? बाप कुठं जन्मला? आणि जन्मापासून आजवर तुमच्या किंवा बापाच्या नावात काही बदल केलाय का? केला असेल तर सविस्तर खुलासा करा!

हा सगळा खटाटोप होता ज्यूंना हुडकून काढण्यासाठी. आडनाव बदलून कुणी आत शिरू नये म्हणून.

हार्वर्डची स्थापना १६३६ची. पहिली सव्वाशे-दीडशे वर्षं तिथल्या पटावर विद्यार्थ्यांची नावं गुणांप्रमाणे लागत नव्हती, घराण्याच्या मानाप्रमाणे लागत होती. पुढे ही पद्धत गेली आणि प्रवेशपरीक्षा महत्त्वाची झाली. जो पास होईल तो आत. खानदानी पोरांना ही परीक्षा काही जड नव्हती, कारण त्यांच्या खास शाळाच त्या परीक्षेची तयारी करून घेत. आत गेल्यावर पास होण्यापुरते गुण मिळवायचे, बाकी वेळ क्लबात आणि खेळात घालवायचा. हीच तिथली मोठेपणाची रीत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रशिया-पोलंडकडून छळाला कंटाळलेले लाखो ज्यू अमेरिकेत आले. दाटीवाटीच्या चाळवजा वस्त्यांतून राहिले, कपडे शिवण्याच्या कारखान्यांत राबले. त्यांची पोरं सरकारी शाळांत शिकली आणि परीक्षा पास होऊन हार्वर्डच्या दारात उभी राहिली. १९०० साली तिथं ज्यू विद्यार्थी ७ टक्के होते, १९२२पर्यंत २१ टक्क्यांच्या वर गेले. नियम हार्वर्डचे, परीक्षा हार्वर्डची, आणि पास होणारी पोरं शिंप्यांची!

आता खरी गंमत बघा. त्या वेळचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लॉवेल यांनी ज्यूंची संख्या १५ टक्क्यांवर रोखा असा आग्रह धरला. कारण काय दिलं? संख्या वाढली तर ज्यूद्वेष वाढेल, तेव्हा हे त्यांच्याच भल्यासाठी! ही भाषा ओळखीची वाटते ना? बोभाटा झाला, वर्तमानपत्रांत टीका झाली. प्राध्यापकांची समिती नेमली गेली आणि १९२३ साली तिने उघड कोटा नाकारला. देशभरातून वेगळी पोरं यावीत म्हणून समितीने एक नवी वाट काढली. शाळेत वरच्या सातव्या हिश्श्यात आलेल्यांना परीक्षेशिवाय प्रवेश. झालं उलटंच. त्या वाटेनेही ज्यू पोरं वाढली, कारण वर्गात ती वरच होती.

मग १९२६ साली मापच बदललं. दरवर्षी फक्त हजारभर मुलं घ्यायची असं ठरलं, आणि गुणांबरोबर 'चारित्र्य' व 'व्यक्तिमत्त्व' बघायचं ठरलं. शिफारसपत्रं आली, मुलाखती आल्या, अर्जावर फोटो चिकटवणं आलं. चारित्र्याला गुण कोण देणार? तेच, ज्यांना १५ टक्के हवे होते. पुढच्या काही वर्षांत ज्यूंची संख्या १५ टक्क्यांच्या आसपास आली. कोटा कुठंच लिहिला नव्हता, पण आकडा तोच निघाला.

म्हणजे बघा, किल्ली आपल्या हातात आली की ते कुलूप बदलतात. परीक्षा पास होणं ही गुणवत्ता होती, पण शिंप्याची पोरं पास होईपर्यंतच.

याच लॉवेलच्या काळात काळ्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाच्या वसतिगृहात जागा नव्हती. रॉस्को कॉन्क्लिंग ब्रूस नावाच्या हार्वर्डच्याच काळ्या पदवीधराने आपल्या मुलासाठी खोली मागितली, ती नाकारली. या मुलाचा आजोबा गुलामीत जन्मून पुढे अमेरिकेच्या सिनेटचा सदस्य झालेला माणूस. एवढा वारसा असून उपयोग झाला नाही. ओरड झाल्यावर १९२३ साली विद्यापीठाच्या वरिष्ठ मंडळाने ही बंदी फिरवली. आणि त्याच सुमारास, १९२५ साली, येल विद्यापीठ ठरवत होतं की आपल्या माजी विद्यार्थ्याचा मुलगा किमान अटी पुऱ्या करत असेल तर जागा कमी म्हणून त्याला नाकारायचं नाही. एकाच्या बापाची पदवी म्हणजे वतन, दुसऱ्याच्या बापाची पदवी म्हणजे कागद.

हे जुनं झालं म्हणावं, तर ते वतन अजून चालू आहे. न्यायालयातल्या खटल्यामुळे हार्वर्डचे अलीकडचे आकडे बाहेर आले. त्यांच्या अभ्यासात दिसलं की प्रवेश मिळालेल्या गोऱ्यांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त मुलं खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, नोकरवर्गाची मुलं किंवा देणगीदारांसारख्या खास यादीतली होती. २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करणं बेकायदा ठरवलं. बापाच्या पदवीला त्या निकालाने हात लावला नाही. त्याच वर्षी हार्वर्डकडे सुमारे ५७ हजार अर्ज आले आणि साडेतीन टक्क्यांहून कमी मुलांना प्रवेश मिळाला. किती जणांना आत घेतलं यापेक्षा किती जणांना परत पाठवलं, यावर आज विद्यापीठाची शान मोजतात. तिथं विद्वान मोठे आहेत, ग्रंथालय प्रचंड आहे, हे खोटं नाही. पण पुस्तकांनी मिळवलेलं नाव वेगळं आणि बंद दाराने मिळवलेलं नाव वेगळं.

आता जरा जड गोष्ट. कोलंबिया म्हटलं की आपली मान आपोआप लवते. १९१३ साली बाबासाहेब तिथं गेले, पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि पुढचा इतिहास घडला. ते कोलंबियाचं ऋण आहेच. पण त्याच कोलंबियाच्या पदवी महाविद्यालयाने १९१९च्या सुमारास, म्हणजे हार्वर्डच्याही आधी, ज्यूंना रोखायची युक्ती सुरू केली, आणि सुमारे ४० टक्क्यांवरची संख्या निम्म्यावर आणली. १९२८ साली ब्रुकलिनमध्ये सेथ लो ज्युनियर कॉलेज नावाचं वेगळं कॉलेज काढलं. मुख्य दारावरून परतवलेल्या ज्यू पोरांना तिकडं धाडायचं. पुढे जगभर गाजलेला लेखक आयझॅक असिमॉव्ह त्यांतलाच एक. गावाबाहेर वेगळा पाणवठा, दुसरं काय? कुठल्याही विद्यापीठाचं देऊळ करू नका, ते बाबासाहेबांचं असलं तरी.

हाकललेल्यांनी मग काय केलं? १९४८ साली अमेरिकेतल्या ज्यूंनी बोस्टनजवळ वॉल्थमला स्वतःचं विद्यापीठ उभं केलं आणि ते सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. त्याला नाव दिलं न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांचं. ब्रँडाइस हार्वर्डचेच कायदा पदवीधर. १९१६ साली ते सर्वोच्च न्यायालयावर पहिले ज्यू न्यायमूर्ती म्हणून जाणार होते, तेव्हा विरोधाच्या अर्जावर सही करणाऱ्यांत हाच लॉवेल होता. त्या माणसाचं नाव आता त्याच्याच शेजारी विद्यापीठाच्या फाटकावर लागलं.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १९४६ साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. १९५० साली औरंगाबादचं कॉलेज, म्हणजे आपलं मिलिंद. ज्या माणसाकडे जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या होत्या, त्याने किती जणांना परत पाठवलं याची शान कधी मिरवली नाही. त्याने दार मोठं केलं.

या दोन घरांची गाठ पुढे पडलीच. २०१९ साली ब्रँडाइस विद्यापीठाने आपल्या भेदभावविरोधी नियमांत 'जात' हा शब्द घातला. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं विद्यापीठ. आडनाव विचारून हाकलल्या गेलेल्यांनी बांधलेल्या घरात आपल्या दुखण्याला पहिल्यांदा नाव मिळालं.

मित्रहो, लॉवेलची पत्रं, समितीचे अहवाल, ते छापील अर्ज जपले गेले म्हणून आज ही चोरी सापडते. तेव्हा कार्यकर्त्यांनी एक काम लगेच सुरू करावं. प्रवेशाचे अर्ज, निवडयाद्या, नियम बदलल्याची परिपत्रकं, मुलाखतीतले प्रश्न, सगळं तारखेनिशी जमवून ठेवा. उद्या कुणी गुणवत्तेचा दाखला मागितला तर कागद पुढं टाका आणि विचारा, कुलूप कधी बदललं, आणि तेव्हा दारात कोण उभं होतं?

आणि आपल्यातला जो आत पोचलाय, त्याने मागं वळून एकदा बघावं. आपण दार लावून तर घेतलं नाही ना?

जयभीम.