लॉन केअर फ्रँचायझी : जोखीम

घरापुढच्या हिरवळीला खत घालणे, तणनाशक व कीटकनाशक फवारणे ही कामे एखाद्या नावाजलेल्या कंपनीचे नाव, पद्धत आणि आखून दिलेली हद्द विकत घेऊन करण्याचा धंदा. गवत कापणे त्यात बहुधा येत नाही. महाराष्ट्रात ‘लॉन्स’ म्हटले की लग्नाची जागा डोळ्यांपुढे येते. हा धंदा मात्र अमेरिका व कॅनडातल्या घरोघरच्या हिरवळीवर उभा आहे. लॉन डॉक्टर (न्यू जर्सी, १९६७) व वीड मॅन (कॅनडा, १९७०) ही त्यातली जुनी नावे.

जोखमीचे मूळ करारातच असते. कंपनीची रॉयल्टी बहुधा नफ्यावर नव्हे, एकूण उलाढालीवर आकारली जाते. समजा, वर्षाची उलाढाल २ लाख डॉलर आणि रॉयल्टी १० टक्के. तर मालकाला तोटा झाला तरी २० हजार द्यावेच लागतात. प्रवेशशुल्क, जाहिरातीची वर्गणी, टाकी-पंप बसवलेल्या गाडीचे हप्ते वेगळे. अमेरिकेत सरकारी हमीचे कर्ज घेतले तर २० टक्के किंवा अधिक वाटा असलेल्या प्रत्येक मालकाला वैयक्तिक जामीन राहावे लागते, म्हणजे धंद्याचे कर्ज घरापर्यंत येते.

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत कमाई वसंत ते शरद एवढीच; हप्ते बारमाही. त्यातही वेळ चुकवून चालत नाही. क्रॅबग्रास या तणाचे बी जमिनीचे तापमान १३° सेल्सिअसच्या आसपास गेले की रुजू लागते. औषध त्याआधी पडायला हवे. नेमक्या त्या दिवसांत पावसाने ठाण मांडले, तर गाडी दारात उभी राहते आणि जूनमध्ये तण वर आले की गिऱ्हाईक पैसे परत मागते.

कायद्याचा फेरा याहून अवघड. क्यूबेकमधल्या हडसन या छोट्या गावाने १९९१ मध्ये केवळ शोभेसाठी होणाऱ्या कीटकनाशक फवारणीवर बंदी घातली. फवारणी कंपन्या कोर्टात गेल्या. २००१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाची बाजू उचलून धरली. २००९ मध्ये ओंटारिओ प्रांतानेही तशी बंदी आणली (गोल्फची मैदाने त्यातून सुटली). कॅलिफोर्नियात २०१५ च्या दुष्काळात शहरी पाणीवापर २५ टक्के कमी करण्याचा आदेश निघाला आणि हिरवळीच उखडल्या जाऊ लागल्या.

अमेरिकेत केंद्रीय व्यापार आयोगाच्या नियमानुसार सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला २३ कलमांचे माहितीपत्रक द्यावे लागते. मात्र आयोग ते तपासून देत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कमाईचे आकडे सांगणारे १९ वे कलम ऐच्छिक आहे. विक्रेता तोंडी आकडे सांगत असेल आणि ते तिथे नसतील, तर संशय घ्यावा. सर्वांत बोलके कलम २० वे. गेल्या तीन वर्षांत किती शाखा उघडल्या, बंद पडल्या, दुसऱ्याच्या हाती गेल्या, ते त्यात असते. नुकत्याच बाहेर पडलेल्यांचे संपर्कही असतात. त्यांना फोन करणे वकिलाच्या सल्ल्याइतकेच मोलाचे.

बाहेर पडणेही सोपे नाही. बहुतेक करारांत काही काळ त्याच भागात तोच धंदा न करण्याची अट असते. गिऱ्हाइकांची यादी, आणि अनेकदा दुकानाचा फोन नंबरही, कंपनीकडे जातो. मालकाकडे उरते ती गाडी, तीही नाव खरवडून काढल्यावर.