आलिशान सेडानला शांत आणि आरामदायी टायर कोणते घालावेत?

गेल्या काही वर्षांत आपल्या ओळखीच्या घरांत सेकंडहँड बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, कॅमरी, सुपर्ब अशा गाड्या बऱ्याच दिसू लागल्या आहेत. आखातात नोकरी करून परतलेला भाऊ घेतो, किंवा धंद्यात बरकत आली की मुलगा अब्बांसाठी घेतो. गाडी उत्तम असते. पण चाळीस-पन्नास हजार किलोमीटर झाले की तक्रार सुरू होते. एक्स्प्रेस वेवर आत बसून बोलता येत नाही, सतत घों-घों येते, आणि मागच्या सीटवर बसलेल्या अम्मींची कंबर गावाला पोहोचेपर्यंत धरते. मेकॅनिक सस्पेन्शनचा खर्च सांगतो. पुष्कळ वेळा दोष सस्पेन्शनचा नसून टायरचा असतो.

मात्र नवे टायर घेण्याआधी आवाज खरोखर टायरचाच आहे ना, हे बघा. रस्ता बदलला की आवाज बदलतो का? डांबरावर कमी आणि सिमेंट काँक्रीटवर जास्त येत असेल तर तो टायरचा. रस्ता कोणताही असला तरी तोच आवाज राहतो, आणि लांब वळणावर एका बाजूला भार पडला की वाढतो किंवा कमी होतो, तर बहुधा व्हील बेअरिंग गेलं आहे. तिसरी तपासणी हाताने करायची. गाडी थंड असताना टायरच्या नक्षीवरून तळहात एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीच्या दात्यांसारखं लागलं, तर नक्षीचे ठोकळे तिरपे घासले आहेत. याचं कारण बहुधा बिघडलेलं अलाइनमेंट किंवा वेळेवर न बदललेली चाकांची जागा असते. असा टायर कितीही नावाजलेल्या कंपनीचा असो, तो गुणगुणणारच. अलाइनमेंट दुरुस्त न करता नवे टायर घातले तर दहा-पंधरा हजार किलोमीटरमध्ये तेही त्याच सुरात गाऊ लागतील.

काँक्रीटबद्दल थोडं बोलायला हवं, कारण आपले नेहमीचे लांबचे रस्ते तेच आहेत. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आणि मुंबई-गोवा महामार्गाचा मोठा भाग काँक्रीटचा आहे. पाण्यात पकड मिळावी म्हणून त्याच्या पृष्ठभागावर रेघा ओढलेल्या असतात आणि सांध्यांवर टक-टक होते. जगातला सगळ्यात शांत टायर घातला तरी काँक्रीटवर गाडी डांबरासारखी शांत होणार नाही. दुकानदार तसं सांगत असेल तर तो फक्त माल विकतो आहे.

टायरवरचे आकडे

एक खरं उदाहरण घेऊ. २०१० ते २०१७ या काळातल्या बीएमडब्ल्यू पाच सीरिजच्या अनेक गाड्यांना २२५/५५ आर १७ हे माप येतं. त्यापुढे ९७ वाय असं लिहिलेलं असतं. २२५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ९७ हा भार निर्देशांक, म्हणजे एक टायर ७३० किलो पेलतो. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतची मर्यादा. डब्ल्यू २७०, व्ही २४०, एच २१०. एवढ्या वेगाने आपल्याला जायचं नाही हे मान्य, पण ही अक्षरं टायर किती उष्णता सहन करतो तेही सांगतात. भार निर्देशांक तर अजिबात खाली आणू नये. पाच माणसं, डिकीत लग्नाचं सामान आणि मे महिन्यातलं ऊन, अशा वेळी स्वस्तात घेतलेला हलका टायर धोका देतो.

आरामाचं खरं गणित भिंतीच्या उंचीत आहे. खड्ड्याचा पहिला धक्का रबराची भिंत आणि आतली हवा घेते, सस्पेन्शन नंतर. याच गाडीच्या १९ इंची रिमला २४५/४० चा टायर येतो आणि त्याची भिंत ९८ मिलिमीटर भरते. १७ इंचीची भरते सुमारे १२४ मिलिमीटर. म्हणजे रस्ता आणि रिम यांच्यामध्ये २६ मिलिमीटर जास्त गादी. बाहेरचा व्यास दोन्हींचा जवळपास सारखाच, साधारण ६७९ मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटरही चुकत नाही. ज्यांच्या गाडीला शोभेसाठी मोठी रिम बसवलेली आहे, त्यांना माझं सरळ मत आहे की महागडा ‘सायलेंट’ टायर शोधण्याआधी कंपनीने त्याच मॉडेलला दिलेली लहान रिम बघा. कॅमरीच्या २३५/४५ आर १८ ऐवजी २१५/५५ आर १७ घातलं तरी व्यास ६६८ मिलिमीटरच राहतो. अट एकच, लहान रिम आतल्या ब्रेकला घासता कामा नये आणि भार निर्देशांक पुरेसा हवा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर चालणारी मापं दिलेली असतात, त्यांच्याबाहेर जाऊ नका. रिम लहान केली की गाडी थोडी ‘साधी’ दिसते, हे खरं. शेजाऱ्यांच्या नजरेला चालत नसेल तर अम्मींच्या कंबरेला विचारा.

रनफ्लॅट ठेवायचे की काढायचे?

बीएमडब्ल्यू आणि काही मर्सिडीज गाड्यांना कारखान्यातूनच रनफ्लॅट टायर येतात. यांची भिंत इतकी जाड असते की हवा पूर्ण गेली तरी साधारण ताशी ८० किलोमीटरच्या आत ८० किलोमीटरपर्यंत गाडी नेता येते. हीच जाड भिंत गाडी कडक करते. रनफ्लॅट काढून साधे टायर घातले की बहुतेकांना पहिल्याच स्पीडब्रेकरवर फरक कळतो. आवाजही कमी होतो आणि नवा टायर स्वस्तही पडतो. म्हणून गॅरेजवाले हाच सल्ला सर्रास देतात.

पण हा निर्णय घरच्यांना विचारून घ्यावा असा आहे. ईदच्या आदल्या रात्री आपण मुलाबाळांना घेऊन कोकणात निघतो. आंबा घाटात किंवा ताम्हिणीत रात्री दोन वाजता, पावसात, मोबाइलला रेंज नाही आणि टायरची हवा गेली, तर रनफ्लॅट तुम्हाला उजेडापर्यंत, माणसांपर्यंत नेतो. साधा टायर तिथेच थांबवतो. गाडी मुख्यत्वे शहरात चालत असेल, किंवा डिकीत स्टेपनी असेल आणि ती बदलणारा माणूस सोबत असेल, तर साधे टायर खुशाल घाला. बहीण किंवा मुलगी एकटीच लांबचं ड्रायव्हिंग करते, गाडीत स्टेपनीच नाही, अशा घरात मी रनफ्लॅटच ठेवीन आणि थोडा कडकपणा सोसेन. टायरप्रेशर सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते, असा बदल केंद्र सरकारने २०२० मध्ये नियमात केला. किटने नक्षीतलं खिळ्याचं भोक बुजतं. खड्ड्याने फाटलेली भिंत नाही.

बदल करायचा ठरलाच तर चारही टायर एकदम बदला. दोन रनफ्लॅट, दोन साधे असा मेळ गाडीची वळणावरची चाल बिघडवतो. हवा भरायचा छोटा पंप, पंक्चर किट आणि जॅक डिकीत ठेवा. डिकीत बारीक स्टेपनी असेल तर तीही ताशी ८० च्या आतच चालवायची असते.

कोणता टायर घ्यायचा

आरामासाठी बनवलेले टायर वेगळे असतात. मिशेलिनचा प्रायमसी ४ एसटी, ब्रिजस्टोनचा तुरांझा, योकोहामाचा अ‍ॅडव्हान डीबी ही यातली ओळखीची नावं. भारतीय कंपन्यांत एमआरएफने परफिंझा याच वर्गासाठी आणला, आणि अपोलोकडे व्रेडेस्टाइन हा युरोपीय ब्रँड आहे. या टायरच्या नक्षीतले ठोकळे मुद्दाम लहानमोठे ठेवलेले असतात, म्हणजे सगळे एकाच लयीत रस्त्यावर आपटून एक सूर धरत नाहीत. नावात ‘स्पोर्ट’ असलेला टायर वळणावर छान, पण आपल्या कामाचा नाही.

काही टायरच्या आत फोमचा पट्टा चिकटवलेला असतो. कॉन्टिनेंटल त्याला कॉन्टीसायलेंट म्हणते, पिरेली पीएनसीएस. टायरच्या पोकळीतली हवा ढोलासारखी घुमते, तो घुमारा हा फोम शोषतो. रस्त्याची खरखर त्याने फारशी जात नाही. शिवाय पंक्चर काढताना तेवढ्या जागचा फोम कापावा लागतो आणि हायवेवरच्या पंक्चरवाल्याला ते माहीत असेलच असं नाही. जुन्या गाडीला फोमसाठी जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

युरोपच्या लेबलवर डेसिबलचा आकडा असतो. तो बघून लोक टायर निवडतात, पण तो आवाज रस्त्याच्या कडेला मोजलेला असतो, गाडीच्या आत नाही. दोन टायरमधला एक-दोन डेसिबलचा फरक आत कळेलच असं नाही. त्याच लेबलवरची ओल्या रस्त्यावरची पकड मात्र नीट वाचा. कोकणातल्या पावसात ब्रेक दाबल्यावर गाडी कुठे थांबते, हे शांततेपेक्षा आधी येतं. आपल्याकडेही २०२२ मध्ये केंद्राने आवाज, ओली पकड आणि घर्षण यांचे एआयएस-१४२ हे मापदंड अधिसूचित केले आहेत.

२०२० च्या जूनपासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत. त्यामुळे मोठ्या गाड्यांची काही मापं सहज मिळत नाहीत आणि दुकानात जुना साठा पडून असतो. टायरच्या भिंतीवर डॉट या अक्षरांनंतरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. दोन वर्षांपेक्षा जुना माल पूर्ण किमतीत घेऊ नका. पक्कं बिल घ्या, त्याशिवाय वॉरंटी मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तो बिलात दिसायला हवा.

आखातात राहणाऱ्यांसाठी एक वेगळी बाब. गाडी गावच्या बंगल्यात दहा-दहा महिने उभी असते. नक्षी नवी दिसते, पण रबर कडक होतं आणि एकाच जागी भार पडून टायर चपटा होतो. सुट्टीत आल्यावर गाडी धप-धप करते ती यामुळे. थोडं चालवल्यावर धपधप गेली तर ठीक, नाही गेली तर टायर संपला. दुबईत पाच वर्षांपेक्षा जुना टायर चालत नाही हे तुम्ही तिथे पाळताच. गावच्या गाडीलाही तोच हिशोब लावा. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण पावसाळ्यात तीन मिलिमीटरवर आली की मी बदलायला सांगतो.

शेवटी हवा. नवे टायर घालूनही गाडी आपटते अशी तक्रार आली की आधी प्रेशर मोजा. पुष्कळ ठिकाणी कुठल्याही गाडीत ठोकून जास्त हवा भरतात. दारावरच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. त्याप्रमाणे सकाळी टायर थंड असताना भरा. जास्त आराम मिळावा म्हणून त्याखाली जाऊ नका, कमी हवेचा टायर तापतो आणि समृद्धीसारख्या रस्त्यावर तासन् तास एकाच वेगात तापलेला टायर फुटतो. नायट्रोजनने गाडी मऊ होत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नवे टायर बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करा, पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा, आणि पुढे-मागे एकच माप असेल तर दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची जागा बदलून घ्या.