कालाकोटचा दगड

देवमाशाचे पूर्वज जमिनीवर वावरत, हे आता सर्वमान्य आहे. पण त्याचा जवळचा आप्त ज्या दगडांतून सापडला, ते कित्येक वर्षे कोणी फोडलेच नव्हते. आम्हांला ही हकिगत बासनात राहून गेलेल्या पोथीसारखी वाटते.

भूवैज्ञानिक ए. रंगाराव यांनी जम्मू-काश्मीरमधील कालाकोट परिसरातून जीवाश्मयुक्त खडक जमवला. त्यातले काही दात आणि जबड्याचे तुकडे पाहून १९७१ साली त्यांनी एका लहानशा खुरी प्राण्याला 'इंडोहायस' हे नाव दिले. उरलेला खडक तसाच पडून राहिला. त्यांच्या निधनानंतर पत्नीने तो सांभाळला (असे सांभाळणे इतिहासात क्वचितच नोंदले जाते) आणि पुढे अमेरिकेतील संशोधक हान्स थेविसन यांच्या स्वाधीन केला. तेथे काम करताना सहायकाच्या हातून एका कवटीचे कानाचे हाड मोडले, आणि मोडले म्हणूनच त्याची आतली भिंत विलक्षण जाड असल्याचे दिसले. अशी भिंत तोवर केवळ देवमाशांच्या कुळातच ठाऊक होती!

डिसेंबर २००७ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला. सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा हा प्राणी. पायांची हाडे भरीव, उथळ पाण्यात वावरणाऱ्याची असावीत तशी. दातांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांनीही त्याला दुजोरा दिला. हा देवमाशाचा पूर्वज मात्र नव्हे, चुलत घराण्यातला. उत्साहाच्या भरात हा भेद पुसला जातो, तो पुसू नये. त्या घराण्याचे 'राओएलिडी' हे नाव रंगारावांवरूनच पडले आहे.