शाहनाम्याची पाने आणि शहाची मर्जी

राजाश्रयाची गोष्ट निघाली की आपण राजाच्या औदार्याविषयी पुष्कळ बोलतो. त्याच्या मर्जीविषयी सहसा बोलत नाही. इराणातील सचित्र हस्तलिखितांचा इतिहास पाहताना आम्हांला मात्र ही मर्जीच पदोपदी भेटली.

फिर्दौसीने इ. स. १०१० च्या सुमारास पुरे केलेले ‘शाहनामा’ हे महाकाव्य म्हणजे इराणच्या प्राचीन राजांची गाथा. त्याची सचित्र प्रत करवून घेण्यात पुढील अनेक राजवंशांनी भूषण मानले. त्यांत सफवी घराण्यातील शाह तहमास्पच्या प्रतीला तोड नाही. १५२४ मध्ये तो गादीवर आला तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता. तब्रीझच्या ‘किताबखान्या’त त्याच सुमारास हाती घेतलेल्या या कामातून ७५९ पानांचा आणि २५८ चित्रांचा ग्रंथ सिद्ध झाला.

किताबखाना हे केवळ पुस्तकांचे कोठार नव्हे, तो एक कारखानाच होता. (कागद, कलम, शाई, कारखाना हे आपले रोजचे शब्दही फारसीच्याच वाटेने आपल्याकडे आलेले आहेत.) कोणी कागद घोटून आरशासारखा करी, कोणी समासात सोने शिंपडी, कोणी नस्तालीक वळणाचे अक्षर लिही. लेखकाने चित्रापुरती जागा मोकळी सोडावी आणि मग चित्रकाराने ती भरावी. निळ्या रंगासाठी बदख्शानच्या खाणीतील लाजवर्द दगड कुटून धुवावा लागे. इतके सोने आणि इतक्या माणसांचा वर्षानुवर्षांचा चरितार्थ राजाच्या खजिन्यावाचून कोण सोसणार? या प्रतीतील सुलतान मुहम्मदचे ‘गयूमर्सचा दरबार’ हे चित्र आमच्या मते साऱ्या इराणी कलेचा मुकुटमणी होय. व्याघ्रचर्मे पांघरलेली प्रजा, माणसाळलेली श्वापदे, आणि निरखून पाहिले तर खडकाखडकांत दडलेले चेहरे! ते पाहून मातब्बर चित्रकारांच्या माना लाजेने खाली जात, असे त्याच काळातील दोस्त मुहम्मदने १५४४ मध्ये नमूद केले आहे.

तहमास्प स्वतः चित्रकला शिकलेला होता. परंतु वय वाढले तसा तो धर्माचरणाकडे वळला आणि रंगरेषांवरील त्याचे मन उडाले. परागंदा झालेला हुमायून १५४४ मध्ये त्याच्या आश्रयास गेला होता. तेथील चित्रकारांची कीर्ती त्याने पाहून ठेवली. पुढे मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे दोघे १५४९ मध्ये काबूलला त्याच्यापाशी आले, आणि तेथून हिंदुस्थानात. पोटासाठी आणि कदरीसाठी मुलूख सोडणाऱ्यांची ही वाट आपल्यापैकी कित्येकांच्या परिचयाची आहे. अकबराच्या काळी याच दोघांच्या देखरेखीखाली ‘हम्झानामा’ची सुमारे १४०० चित्रे झाली. भिंतींवर चित्रे काढीत हिंडणारा दसवंत नावाचा कहाराचा मुलगा अकबराने अब्दुस्समदच्या हाती सोपविला. महाभारताचे ‘रझ्मनामा’ हे फारसी भाषांतर झाले, तेव्हा त्याच्या चित्रांत याच दसवंताचा मोठा वाटा होता. शहाचा विराग आपल्या देशाला असा फळला.

शाहनाम्याचे काय झाले? १५६८ मध्ये तहमास्पने तो तुर्की सुलतान दुसऱ्या सलीमला नजराणा म्हणून पाठविला. शतकानुशतके तुर्कस्तानात तो सुखरूप राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो पॅरिसच्या रॉथ्सचाइल्ड कुटुंबाकडे होता. १९५९ मध्ये आर्थर हॉटन या अमेरिकी धनिकाने तो विकत घेतला आणि त्याची पाने सुटी केली! ७८ चित्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दान दिली, काही लिलावात विकली. शहाच्या विरक्तीने ग्रंथाचा केसही वाकडा झाला नव्हता. एका ग्रंथसंग्राहकाने मात्र त्याची शकले केली, हे आम्हांला अक्षम्य वाटते. गयूमर्सचे चित्र आज कॅनडातील टोरांटोच्या आगाखान संग्रहालयात आहे. उरलेली ११८ चित्रे, मजकुराची पाने व बांधणी १९९४ मध्ये इराणला परत मिळाली. पण फुकट नव्हे. व्हिएन्नाच्या विमानतळावर अदलाबदल झाली आणि इराणने त्यांच्या मोबदल्यात डी कूनिंग या आधुनिक चित्रकाराचे एका स्त्रीचे चित्र देऊन टाकले.