नटचित्रांचा कालनिर्णय

पोथी हातीं आली म्हणजे संग्राहक प्रथम लेखनिक, शक व स्थळ पाहतो. जुन्या नटाचें चित्र मिळाल्यास मात्र रूप पाहून तें ठेवून देतो. या उपेक्षित साधनाविषयीं यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी या भागांतील संग्राहकांपुढें दोन शब्द मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुरुषानें स्त्रीभूमिका करण्याच्या प्रकारास भरताच्या नाट्यशास्त्रांत 'रूपानुसारिणी' ही संज्ञा आहे. मराठी रंगभूमीवर त्याचा परमोत्कर्ष नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या ठायीं झाला. त्यांच्या स्त्रीवेषांतील सन नसलेलें छायाचित्र मिळाल्यास भूमिका हेंच पहिलें गमक होय. 'मानापमान' १९११ सालीं, 'स्वयंवर' १९१६ सालीं व 'एकच प्याला' १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. अर्थात् सिंधूचें चित्र १९१९ च्या पूर्वींचें असूं शकत नाहीं. परंतु भूमिकेवरून केवळ पूर्वसीमा कळते, उत्तरसीमा नव्हे. भामिनीची भूमिका त्यांनीं प्रथम किर्लोस्कर मंडळींत केली व १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी निघाल्यावरही केली. तेथें वेष, अलंकार व छायाचित्रकाराची मुद्रा पाहिल्याविना निर्णय करूं नये.

जपानांतील काबुकी नाटकांतही स्त्रीभूमिका पुरुषच करतात. तेथील चित्रकार नातोरी शुन्सेन यांचीं ३६ नटचित्रें वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकानें १९२५ ते १९२९ या काळांत लांकडी ठशांवरून छापून काढलीं. चित्रकार रेखाटी, कोरणारा ठसे कोरी, छापणारा एकेक रंग कागदावर उमटवी. नट, भूमिका व साल यांची नोंद राहिल्यामुळें ती माला एका पिढीच्या रंगभूमीचा दस्तऐवजच झाली आहे.

आपल्याकडे पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराकरितां (१९६८) गोपाळ देऊसकर यांनीं दोन चित्रें रंगविलीं: एक पुरुषवेषांतील नारायणरावांचें, दुसरें त्यांच्या स्त्रीभूमिकेचें. हीं दोन्ही जवळ असल्यानें पाहणारास भ्रम होत नाहीं. घरांतल्या सुट्या चित्राची स्थिति निराळी आहे. भूमिका जितकी सिद्ध, तितका नट लोपलेला. नांव सांगणारें माणूस गेलें कीं तें चित्र कुळांतील कोण्या अज्ञात स्त्रीचें ठरतें आणि अडगळींत वाळवीच्या मुखीं पडतें.

यास्तव अशा चित्राच्या पाठीमागें शिसपेन्सिलीनें नट, भूमिका, नाटक, मंडळी व चित्र कोणाकडून मिळालें हें लिहून ठेवावें. ऐकीव माहिती व अनुमान यांची नोंद मात्र वेगळी करावी. अनुमानाचा सन निश्चित म्हणून लिहिला गेल्यास पुढील शोधकाची वाट कोऱ्या पाठीपेक्षां अधिक बिकट होते.