डॉक्टर नारायण दाजी यांच्या घराण्याचा शोध

या स्मरणिकेसाठी धर्मग्रामातील कुटुंबांकडून जुन्या तसबिरी मागविल्या, तेव्हा लोकांनी त्या मोठ्या हौसेने आणून दिल्या. कोणाच्या लग्नातील, कोणाच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या, कोणा धर्मगुरूंना निरोप देतानाच्या. परंतु तसबीर उलटून पाहावी, तो मागे कोरेच. तसबिरीत कोण आहेत ते नाही, साल नाही आणि ती काढली कोणी हे तर नाहीच नाही. हे चालले असता मंडळींतील एका वयोवृद्ध गृहस्थांनी सहज विचारले, "का हो, ही विद्या आपल्या मराठी बोलणाऱ्यांत प्रथम कोणी हस्तगत केली असेल?" त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम घराजवळ पाहावे म्हणून आपल्या चांदा मुलखापासूनच आरंभ केला. नागभीडला छोटी रेल्वे आली ती १९०८ साली, आणि नागपूरकडची ती गाडी २०१९ साली थांबली. परंतु रेल्वे येण्यापूर्वीच कॅमेरा या रानांत फिरून गेला होता. पुराणवस्तु खात्याचे मुख्य जनरल कनिंगहॅम यांचे सहायक बेगलार हे १८७३–७४ साली मध्य प्रांतांत हिंडले आणि वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथील देवळांच्या तसबिरी त्यांनी घेतल्या. या गृहस्थांचे पूर्ण नाव जोसेफ डेव्हिड मेलिक बेगलार. ते आर्मेनियन ख्रिस्ती घराण्यातील होते. त्यांच्या नावातील 'मेलिक' हा शब्द आर्मेनियन सरदारांची पदवी होय. म्हणजे घराण्याचा धागा नावातच गुंफलेला. परंतु बेगलार मराठी नव्हते, म्हणून मला मुंबईकडे वळावे लागले.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी या नावाचे मंडळ १८५४ साली स्थापन झाले. त्यातील बहुतेक सभासद युरोपियन अधिकारी व व्यापारी होते; परंतु हिंदी सभासदांत डॉक्टर भाऊ दाजी यांचे नाव आढळते, आणि पुढे मंडळाच्या कार्यकारिणीत त्यांचे धाकटे बंधू डॉक्टर नारायण दाजी हे दिसू लागतात. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. मराठी बोलणाऱ्यांपैकी अगदी आरंभी ज्यांनी ही विद्या आत्मसात केली, त्यांत नारायण दाजींची गणना होते.

वैद्याने तसबिरी काढाव्या याचे आज नवल वाटेल. त्या काळी ते अगदी स्वाभाविक होते. १८५१ साली आर्चर नावाच्या इंग्रज गृहस्थाने कलोडियनची रीत प्रसिद्ध केली. तिच्यात काचेवर कलोडियनचा पातळ लेप द्यावयाचा, ती काच रुप्याच्या क्षाराच्या पाण्यात बुडवावयाची आणि लेप ओला आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून, तसबीर घेऊन, अंधाऱ्या खोलीत धुऊनही टाकावयाची. मुंबईच्या उन्हाळ्यात लेप सुकावयास कितीसा वेळ लागणार! आता हे कलोडियन मूळचे शस्त्रवैद्याच्याच पेटीतले. जखमेवर लावले असता त्याचा पातळ पापुद्रा बनतो, म्हणून ते प्रथम मलमपट्टीसाठी वापरात आले. रुप्याचा क्षार तर वैद्य लोक चामखीळ जाळण्यास नित्य वापरीत. ज्याच्या औषधालयात ह्या दोन्ही कुप्या फळीवर उभ्या आहेत, त्याच्या हाताला तसबिरीचा छंद लागला तर त्यात काय आश्चर्य? फक्त बोटे मात्र काळी व्हावयाची.

असो. माणूस सापडला, आता त्याचे घराणे शोधावयाचे. अडचण येथूनच सुरू झाली. इंग्रजी याद्यांत ते 'दाजी' या शब्दाखाली मांडलेले असतात, जणू दाजी हे आडनावच. वास्तविक दाजी हे त्यांच्या वडिलांचे घरगुती नाव. वडिलांचे खरे नाव विठ्ठल, आणि घराण्याचे आडनाव लाड. थोरल्या बंधूंचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. घरी त्यांना भाऊ म्हणत, म्हणून जग त्यांना भाऊ दाजी म्हणू लागले. मराठी मुलखात पुष्कळ ठिकाणी बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. तेव्हा ज्या नावाने या पुरुषाची कीर्ती विलायतेपर्यंत गेली, त्यात नाव म्हणावे असे काहीच नाही, दोन्ही शब्द ओटीवरच्या हाका आहेत! जो शोधक आडनाव म्हणून दाजी धरून बसेल, त्याला या कुटुंबाची पुढची पिढी कधीच भेटणार नाही; कारण पुढच्या पिढीच्या नावामागे दाजी लागणारच नाही, तेथे नारायण लागेल.

बरे, लाड हे आडनाव धरले तरी वाट सरळ नाही. आपण वऱ्हाड-नागपूरकडची माणसे. लाड म्हटले की आपल्याला कारंजा लाड आठवते, लाड वाणी आठवतात. दाजींचे लाड ते नव्हेत. हे गोव्याकडील गौड सारस्वत ब्राह्मण. आडनाव सारखे म्हणून कूळ एक, असे समजून वंशावळीचे झाड उभारले, तर मूळ एका गावचे आणि फांद्या दुसऱ्या गावच्या असे होते.

आता गाव कोणते? येथे छापील पुस्तके आपसांत भांडतात. एक जुना इंग्रजी ज्ञानकोश सांगतो की, भाऊ दाजींचा जन्म १८२४ साली सावंतवाडी संस्थानातील मांजरे या गावी झाला. दुसरीकडे १८२२ हे साल आणि गोव्यातील मांद्रे हा गाव सांगितलेला आढळतो. मांद्रे पेडणे महालात आहे. हा महाल पूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांचा. १८३० च्या पिढीतील म्हाताऱ्यांना तो वाडीचाच आठवत असणार, पण तो १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेला. म्हणजे भाऊंच्या जन्मकाळी गाव पोर्तुगीज अमलाखाली होते, आणि लोकांच्या तोंडी मात्र वाडीचेच राहिले असावे. मांजरे आणि मांद्रे हा भेद तर इंग्रजी लिपीतील एका अक्षराच्या फेरफाराचा दिसतो. माझे मत विचाराल, तर मी मांद्रे हेच खरे मानतो.

सालाचा वाद मात्र मिटण्यासारखा नाही, आणि त्याचे कारण आपणा कॅथलिकांना विशेष समजण्याजोगे आहे. त्या काळी त्या मुलखात जन्म नोंदविणारे सरकारी दफ्तर नव्हते. हिंदू घरातील मुलाची पत्रिका मांडली तर मांडली. ती हरवली की साल हरवले. त्याच काळी शेजारच्या घरी एखादे ख्रिस्ती मूल जन्मले असते, तर त्याच्या बाप्तिस्म्याची तारीख, आईबापांची नावे, धर्मपिता व धर्ममाता यांची नावे देवळातील वहीत उतरली असती. लग्नाची व बाप्तिस्म्याची वही धर्मगुरूने ठेवलीच पाहिजे, असा दंडक त्रेंतच्या धर्मसभेने १५६३ साली घातला, आणि मृत्यूची वही १६१४ च्या रोमन विधिग्रंथापासून त्यात मिळाली. हिंदू कुटुंबांना त्याऐवजी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांचा आधार असतो. यात्रेस गेलेला पुरुष तेथे आपले, बापाचे, आजाचे व भावांचे नाव गावासह लिहून येतो. या वह्या फार मोलाच्या. परंतु यात्रा घडली तरच नाव, एरव्ही नाही.

याचा अर्थ कॅथलिक छायाचित्रकाराचे घराणे शोधणे सोपे, असे मात्र कोणी समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पणजीत सौझा आणि पॉल या नावाची तसबिरी काढणारी पेढी होती. तिने घेतलेली जुन्या गोव्याची चित्रे आजही नावाजली जातात. तेथे आडनाव अगदी ठळक, दुकानाच्या पाटीवरच. पण गोव्यात सौझा किती! बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज धर्मपित्याचे वा धर्मगुरूचे आडनाव अनेक घरांनी घेतले, त्यामुळे रक्ताचे काही नाते नसलेली घरेही एकाच आडनावाची झाली. दाजींच्या बाबतीत आडनाव झाकलेले. सौझांच्या बाबतीत ते इतके उघडे की त्याचा उपयोगच नाही. दोन्हीकडे शेवटी गाव आणि आईबाप सापडल्यावाचून पाऊल पुढे पडत नाही.

लाडांच्या घराविषयी इतके मात्र निश्चित की ते गरिबीतून वर आले. मातीच्या बाहुल्या विकणाऱ्या बापाचा थोरला मुलगा बुद्धिबळात हुशार निघाला. एका इंग्रजाने ते पाहून त्याला इंग्रजी शिकविण्याचा आग्रह धरला, आणि त्यापायी घर मुंबईस आले. बाप लवकरच वारला. भाऊ एल्फिन्स्टन विद्यालयात शिक्षक झाले, मग ग्रँट कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाले. पुढे त्यांनी जुने शिलालेख वाचले, रक्तपितीवर देशी औषधांचे प्रयोग केले, १८६९ व १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले आणि १८७४ च्या मे महिन्यात निवर्तले. भायखळ्याचे संग्रहालय १९७५ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते. मराठीत त्यांचे चरित्र अ. का. प्रियोळकर यांनी लिहिले. ते स्वतः गोव्याचे, म्हणून गावांच्या बाबतीत त्यांची नजर चुकण्यासारखी नव्हती. धाकट्या भावाची आठवण लोकांनी थोरल्याच्या सावलीतच ठेवली. नारायण दाजींच्या घराचा शोध करावयाचा तर भाऊंच्या घरातूनच आत शिरावे लागते. त्याला दुसरे दार म्हणजे त्या फोटोग्राफिक मंडळाचे जुने इतिवृत्त.

त्याच मुंबईतील दुसरे उदाहरण हरिचंद चिंतामण यांचे. एल्फिन्स्टन विद्यालयात १८५५ साली तसबिरी काढण्याचा वर्ग निघाला होता. त्यात शिकून यांनी चेहऱ्यांच्या तसबिरी काढण्याचा धंदा मांडला. आता याच नावाच्या गृहस्थांनी १८७४ साली लंडनमध्ये भगवद्गीतेवर इंग्रजी विवेचन छापले, आणि याच नावाचे गृहस्थ पुढे मुंबईच्या आर्यसमाजाचे अध्यक्ष म्हणून दिसतात. तिन्ही हरिचंद एकच, असे जाणते लोक मानतात. पण चिंतामण हे पुन्हा बापाचेच नाव! तेव्हा घराणे शोधावयास निघालेल्याला येथेही आरंभीच अडखळावे लागते. यांच्यासारख्या धंदेवाइकांच्या बाबतीत एक सोय असते. त्या काळी पाकिटात मावतील अशा जाड पुठ्ठ्यावरच्या छोट्या तसबिरी फार चालत, आणि अशा पुठ्ठ्याच्या पाठीवर काढणाराचे नाव व पेढीचा पत्ता छापण्याची रीत होती. पत्ता बदलला की काळ ठरविता येतो. हौसेने तसबिरी काढणाऱ्या डॉक्टराच्या चित्रामागे असा पत्ता कोठून असणार?

आणि काढणाऱ्याचे हे झाले. ज्यांची तसबीर काढली त्यांचे तर त्याहून वाईट. जॉन्सन नावाच्या मुंबईतील छायाचित्रकाराने १८६३ व १८६६ साली मुंबईतील जाती-जमातींचे दोन खंड काढले. तसबिरी सुरेख आहेत. पगडीचा पेच न् पेच मोजून घ्यावा. पण चित्राखाली जातीचे नाव असते, माणसाचे नसते. ती पगडी बांधणाऱ्या पुरुषाचे पणतू आज मुंबईत असतील, त्यांना आपला पणजा छापील पुस्तकात बसला आहे याची वार्ताही नसेल.

तूर्त शोध येथवर आला आहे. पुढची पायरी मांद्रे गावातली, आणि पणजीच्या सरकारी दफ्तरखान्यातील पेडणे महालाच्या कागदांतली. ती येथे बसून चढता येणार नाही. दरम्यान आपल्या तसबिरी मिस्सेनंतर धर्मगुरूंच्या कचेरीतील टेबलावर मांडून ठेवल्या आहेत. शेजारी मऊ शिशाची पेन्सिल आहे. शाई वापरू नये, ती कागदातून पुढे फुटते. नाव लिहिताना माणसाचे, बापाचे, आईचे, आडनाव आणि गाव इतके लिहावे. ज्यांना हात कापत असल्याने लिहिणे जमत नाही, त्यांनी तोंडी सांगावे, आम्ही उतरून घेऊ. मागील रविवारी एका आजीबाईंनी दोन पोरींना ओळखले. एक त्यांची धाकटी बहीण होती, दुसरी त्या स्वतः.