खेळातून शिक्षण: अंगणापासून संगणकापर्यंत

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, हे आपल्या जिल्ह्यातले शाळकरी पोरही सांगेल. त्याच साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, हे मात्र फारसे कोणाला आठवत नाही. लहान मुलांच्या संगणकावरील शैक्षणिक खेळांविषयी बोलताना आम्ही या दुसऱ्या घटनेपासून आरंभ करतो. कारण या खेळांचे मूळ यंत्रात नसून बालशिक्षणाच्या त्या विचारात आहे.

हा विचार १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तीत रुजला. आईबाप कामावर गेले की मुले मोकाट हिंडत. त्यांच्यासाठी निघालेले बालगृह मारिया माँटेसरी यांच्या हाती आले. तेथील दट्ट्यांची पेटी पाहा. लाकडी ठोकळ्यात लहानमोठी भोके आणि त्या त्या मापाचे दट्टे. एक दट्टा भलत्या भोकात गेला की शेवटचा बसतच नाही, आणि मूल आपणहून पुन्हा मांडू लागते. चूक दाखवायला छडी नको, चारचौघांत पाणउतारा नको. साधनच चूक दाखविते.

असली साधने गरिबाला परवडणार कशी? ताराबाई व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर याचे उत्तर दिले. विकतच्या साधनांच्या जागी बिया, खडे, शिंपले, पाने आली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हे नाव त्यातलेच.

कोसबाडनंतर दहा वर्षांनी, १९६७ साली, अमेरिकेत सीमोर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा रचली. पॅपर्ट हे जिनिव्हाला बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याजवळ काम केलेले गृहस्थ. पुढे या भाषेत कासव आले. मुलाने 'शंभर पावले पुढे, मग उजवीकडे वळ' असा हुकूम द्यावा आणि कासवाने रेघ ओढावी. चौकोन जुळला नाही, तर मूल आपलाच हुकूम दुरुस्त करते. दट्ट्यांच्या पेटीचीच ही पुढची पायरी नव्हे काय? फ्रान्समध्ये २००० साली सुरू झालेला 'जीकाँप्री' हा दोन ते दहा वर्षांच्या मुलांचा खेळसंच तर विनामूल्य आहे. 'मला समजले' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून त्याचे नाव पडले.

परंतु सगळेच खेळ या कुळातले नव्हेत. बरोबर उत्तराला टाळ्या, चुकीला भोंगा आणि मध्येच जाहिरात, हा खेळ नव्हे. ती रंगीत छडी होय. चुकल्यावर मूल थांबून विचार करते, की नुसते दुसरे बटण दाबते, एवढे पाहिले तरी पारख होते.

आता आमच्या कामगार चळवळीचा प्रश्न. मुलाजवळ बसणारी बाई कोण? २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारी अंगणवाड्या सुरू झाल्या. सेविकेला मात्र वेतन न देता मानधन दिले गेले. पुढे तिच्या हाती मोबाईल आला तो मुलांच्या खेळासाठी नव्हे, तर वजने आणि हजेरी भरण्यासाठी. यंत्र कमकुवत, त्यातली भाषा इंग्रजी. म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी ते मोबाईल परत केले. यंत्राशी त्यांचे वैर नव्हते. चालेल असे यंत्र द्या आणि आमच्या मराठीत द्या, एवढेच मागणे होते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तो हक्कही मागितल्याशिवाय पदरात पडला नाही.

भंडारदऱ्याच्या पाण्यावर वीज तयार होते. त्या पाण्याकाठच्या शेंडी-रतनवाडीच्या अंगणवाडीत खेळाचा पडदा आणायचा असेल, तर ग्रामसभेने खर्चाचा आकडा विचारावा, तसेच सेविकेचे वेतनही विचारावे. कोसबाडला बियांनी काम भागले, कारण शेजारी ताराबाई आणि अनुताई बसल्या होत्या.